स्वतः बांधलेल्या लिनक्ससाठी पॅकेज मॅनेजर कसा निवडावा

अमळनेरच्या एका विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे खपून स्रोतापासून (प्रोग्रॅमच्या मूळ संहितेपासून) स्वतःची लिनक्स प्रणाली बांधली आणि ती मला दाखवायला तो जळगावला घेऊन आला. प्रणाली सुरू होत होती, जाळ्याशी जोडली जात होती, संपादकही उघडत होता. त्याने /यूएसआर/लिब ही डिरेक्टरी उघडली, खाली सरकत गेलेल्या शेकडो नावांकडे पाहिले आणि एका नावावर बोट ठेवून विचारले, “सर, हाई फाईल कोनी शे?” ही फाईल कोणाची आहे, हे त्याला सांगता येत नव्हते आणि मलाही सांगता आले नाही. पॅकेज मॅनेजर निवडताना जे काही विचारात घ्यायचे, ते सगळे या एका प्रश्नापासून सुरू होते, म्हणून हे मार्गदर्शन त्याच प्रश्नाच्या आधाराने लिहीत आहे.

जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला लिनक्स फ्रॉम स्क्रॅच हा प्रकल्प, म्हणजे एलएफएस, आज बहुतेक जणांचा पहिला आधार असतो. त्याच्या मार्गदर्शिकेत पॅकेज व्यवस्थापनाच्या अनेक पद्धतींची ओळख करून दिलेली आहे. परंतु त्यातली अमुक एक वापरा, असे मुद्दाम सांगितलेले नाही. लिनक्स कशी बांधली जाते हे शिकवणे हा त्या प्रकल्पाचा हेतू आहे आणि सर्वांना सोयीची पडेल अशी एकच पद्धत अस्तित्वात नाही, ही त्यामागची भूमिका मला योग्य वाटते. मात्र याचा परिणाम असा होतो, की नवखा माणूस तो भाग वाचून पुढे जातो, सुमारे ऐंशी पॅकेजे ‘मेक इन्स्टॉल’ या बसवणीच्या आज्ञेने थेट प्रणालीत उतरवतो आणि सहा महिन्यांनी जेव्हा पहिले मोठे अद्ययावतीकरण करायची वेळ येते, तेव्हा त्याला कळते की निर्णय न घेणे हाही एक निर्णयच होता.

मॅनेजर म्हणजे आधी नोंदवही

पॅकेज मॅनेजर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जाळ्यावरून सॉफ्टवेअर उतरवून आणणारे साधन येते. तयार वितरणात (डेबियन, आर्चसारख्या तयार लिनक्समध्ये) ते खरे असते, कारण तिथे दुसऱ्या कोणीतरी पॅकेजे बांधून ठेवलेली असतात. आपण स्वतः प्रणाली बांधतो तेव्हा उतरवून आणण्यासारखे काही नसते. स्रोत आपणच आणतो, आपणच बांधतो. मग मॅनेजरचे मुख्य काम उरते ते नोंदीचे: कोणती फाईल कोणत्या पॅकेजाची, त्या पॅकेजाची आवृत्ती कोणती, आणि ते काढायचे झाले तर नेमके काय काय काढायचे.

शेतकरी घरातल्या मुलांना मी हे सातबाऱ्याच्या उदाहरणाने सांगतो. जमीन तिथेच असते, पीकही उभे असते. पण उताऱ्यावर नाव नसेल तर ती विकता येत नाही, वाटून देता येत नाही आणि बांधावरून वाद झाला तर हक्क सिद्ध करता येत नाही. फाईल डिस्कवर असणे आणि तिची नोंद असणे या अशाच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवृत्ती बदलली की जुन्या नोंदीच्या जागी नवी नोंद चढली पाहिजे, म्हणजे फेरफार झाला पाहिजे. आणि दोन पॅकेजांनी एकाच फाईलवर हक्क सांगितला तर साधनाने तिथेच थांबून तुम्हाला विचारले पाहिजे. जे साधन असे थांबत नाही आणि गुपचूप जुनी फाईल पुसून नवी लिहिते, ते स्वतः बांधलेल्या प्रणालीवर वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदीची गरज किती खरी आहे, हे मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिले. एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये घातक मजकूर घुसवलेला असल्याचे उघड झाले आणि जगभरच्या प्रशासकांना एका प्रश्नाचे उत्तर तातडीने हवे होते: माझ्याकडे कोणती आवृत्ती आहे? ज्याच्याकडे नोंदवही होती त्याला उत्तर एका ओळीत मिळाले. ज्याने सगळे हाताने उतरवले होते, त्याला त्या संशयास्पद आज्ञेलाच तिची आवृत्ती विचारण्याचा किंवा डिस्कवर फाईली शोधत बसण्याचा मार्ग उरला होता.

साधन पाहण्यापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न वेळेचा आहे. ही प्रणाली तुम्ही शिकण्यासाठी बांधून महिनाभरात पुसणार असाल, तर कोणताही मॅनेजर लावू नका. एका वहीत पॅकेजाचे नाव, आवृत्ती, तारीख आणि बांधताना दिलेले पर्याय लिहीत जा, तेवढे पुरे आहे. हीच प्रणाली वर्षभर रोजच्या वापरात ठेवणार असाल, तर एलएफएसची नवी आवृत्ती साधारणपणे दर मार्च आणि सप्टेंबरला येते आणि जीलिबसी हे मूळ ग्रंथालयही (जवळपास सगळे प्रोग्रॅम जो सामाईक कोड वापरतात तो) वर्षातून दोनदा नवे होते, हे ध्यानात घेऊन निवड करावी लागेल.

दुसरा प्रश्न यंत्रांच्या संख्येचा आहे. शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या एखाद्या महाविद्यालयात दहा-पंधरा जुनी यंत्रे आहेत आणि त्या सगळ्यांवर एकच प्रणाली चालवायची आहे, असे असेल तर एका बऱ्यापैकी वेगवान यंत्रावर पॅकेज बांधून, ते एका संग्रह-फाईलमध्ये भरून, पेनड्राइव्हने बाकीच्या यंत्रांवर नेता आले पाहिजे. त्यामुळे बांधणी आणि उतरवणी या दोन पायऱ्या स्वतंत्र असणारे साधनच इथे चालेल. या ठिकाणी एक सूचना करणे आवश्यक आहे: बांधताना कंपायलरला (स्रोतापासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) ‘मार्च नेटिव्ह’ हा पर्याय देऊ नका. त्या पर्यायामुळे कंपायलर बांधणाऱ्या यंत्राच्या प्रोसेसरला साजेशा सूचना वापरतो आणि जुन्या प्रोसेसरवर तेच पॅकेज ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळते.

तिसरा प्रश्न विजेचा आहे, आणि शहरातले लेखक तो सहसा विचारातच घेत नाहीत. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्या दिवसांत दुपारी वीज जाणे नवे नाही आणि जीसीसी या कंपायलरसारखे मोठे पॅकेज बांधायला साध्या यंत्रावर काही तास लागतात. बांधणी चालू असताना वीज गेली तर फक्त वेळ वाया जातो. परंतु थेट प्रणालीत फाईली उतरवत असताना वीज गेली, तर निम्म्या फाईली नव्या आणि निम्म्या जुन्या अशी अवस्था होते आणि ‘मेक इन्स्टॉल’ नेमके कुठपर्यंत पोचले होते याची नोंद कुठेही नसते. जे साधन आधी सगळे बाजूला तयार करून शेवटी काही सेकंदांत प्रणालीत उतरवते, त्यात हा धोक्याचा काळ तेवढ्या सेकंदांपुरता मर्यादित राहतो. केवळ या एका कारणासाठीही आपल्या भागात संग्रह-फाईल बनवणारी पद्धत मी इतरांपेक्षा वर ठेवतो.

चौथा प्रश्न असा: साधन स्वतःच मोडले तर तुम्ही ते हाताने दुरुस्त करू शकाल का? पॅकेज मॅनेजर हाही एक प्रोग्रॅम आहे, तोही ग्रंथालयांवर उभा असतो आणि ज्या दिवशी ती ग्रंथालये बिघडतात नेमक्या त्याच दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज लागते. म्हणून नोंदवही साध्या मजकुराची, कोणत्याही संपादकात उघडून वाचता येईल अशी असणे आणि पॅकेज हे टार या फाईली एकत्र बांधणाऱ्या साध्या आज्ञेने उलगडता येईल असे असणे, या दोन गुणांना मी वेग किंवा सोयीपेक्षा अधिक किंमत देतो.

पायाभूत कौशल्य: बाजूला उतरवणे

कोणतेही साधन निवडा, एक गोष्ट आधी हाताला बसली पाहिजे. बहुतेक स्रोत-पॅकेजांच्या मेकफाईलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाईलीत) डेस्टडिर नावाचे चल असते. ‘मेक इन्स्टॉल’ करताना त्याला एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीचा पत्ता दिला, की सगळ्या फाईली मूळ रचनेसह त्या डिरेक्टरीत उतरतात आणि प्रणालीला हातही लागत नाही. कॉन्फिगर करताना प्रीफिक्स (फाईलींचा अंतिम पत्ता) मात्र नेहमीप्रमाणे /यूएसआर असाच ठेवायचा, कारण अनेक प्रोग्रॅम आपल्या माहितीच्या फाईलींचा पत्ता बांधणीच्या वेळीच स्वतःमध्ये कोरून घेतात. प्रीफिक्स बदलला तर ते नंतर भलतीकडे शोधत राहतात. मेसन आणि सीमेक या बांधणी-साधनांनी बांधली जाणारी पॅकेजेही डेस्टडिर मानतात. बीझिप२सारखी काही जुनी पॅकेजे मानत नाहीत, त्यांच्या मेकफाईलमध्ये प्रीफिक्सलाच बाजूच्या डिरेक्टरीचा पत्ता द्यावा लागतो. क्यूटी या ग्रंथालयाच्या जुन्या बांधणीत त्याच कामासाठी इन्स्टॉल रूट हे वेगळे चल आहे. म्हणून दर पॅकेजाला मेकफाईल उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

बाजूला उतरवलेली डिरेक्टरी नजरेखालून घालणे हे काम कंटाळवाणे वाटते, पण तिथेच बरेच अनर्थ टळतात. दोन उदाहरणे देतो. /यूएसआर/शेअर/इन्फो या डिरेक्टरीत ‘डिर’ नावाची अनुक्रमणिकेची फाईल असते आणि इन्फो-पाने (मदतीची पाने) असलेले जवळपास प्रत्येक पॅकेज आपली स्वतःची ‘डिर’ तयार करते. ती पॅकेजात राहू दिली तर दुसऱ्याच पॅकेजाला फाईलीच्या मालकीचा वाद उभा राहतो. म्हणून ती प्रत्येक पॅकेजातून काढून टाकावी आणि उतरवणीनंतर अनुक्रमणिका नव्याने तयार करावी. आयकॉन, माइम प्रकार आणि जीलिबच्या स्कीमा यांच्या एकत्रित साठ्यांचेही असेच आहे: त्या फाईली कोणा एका पॅकेजाच्या नसतात, त्या गावठाणासारख्या सामाईक असतात, आणि उतरवणीनंतर एखादी आज्ञा आपोआप चालवणारी सोय साधनात असेल तर हे काम विसरले जात नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे आणि ते मी स्वतः भोगले आहे. आजच्या रचनेत /बिन, /एसबिन आणि /लिब या खऱ्या डिरेक्टरी नसून /यूएसआरमधल्या डिरेक्टरींकडे नेणारे दुवे असतात. मी एका पॅकेजात चुकून खरी /लिब डिरेक्टरी राहू दिली आणि ते पॅकेज साध्या टार-आज्ञेने मुळावर उलगडले. जीएनयू टारला वेगळे सांगितले नाही तर ते असा दुवा काढून त्याच्या जागी खरी डिरेक्टरी ठेवते. त्या क्षणी प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या लोडरचा पत्ता तुटला आणि ‘एलएस’सुद्धा चालेना. यंत्र पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या प्रणालीने सुरू करून दुवा परत घालेपर्यंत संध्याकाळ झाली. टारला ‘कीप डिरेक्टरी सिमलिंक’ हा पर्याय दिला असता तर हे घडले नसते; आणि पॅकमॅनसारख्या, पुढे येणाऱ्या साधनाने तर अशा पॅकेजाला दारातच अडवले असते. तेव्हापासून कशावरही न अवलंबणारा, स्थिर जोडणीने (लागणारी ग्रंथालये पोटातच घेऊन) बांधलेला बिझीबॉक्स हा नेहमीच्या आज्ञांचा एकत्रित प्रोग्रॅम मी प्रत्येक प्रणालीत ठेवतो, कारण तो कोणत्याही ग्रंथालयाशिवाय चालतो.

उपलब्ध मार्ग, आणि त्यांपैकी कोणते आपले

स्टो हे जीएनयूचे लहानसे साधन प्रत्येक पॅकेज वेगळ्या डिरेक्टरीत ठेवते आणि मुख्य डिरेक्टरीत फक्त दुवे तयार करते. फाईल कोणाची हे दुवा पाहताच कळते, त्यामुळे नोंदवही वेगळी ठेवावी लागत नाही. /यूएसआर/लोकलमध्ये आपण हौसेने बांधलेल्या चार-दहा प्रोग्रॅमसाठी स्टो उत्तम आहे. संपूर्ण प्रणालीसाठी मात्र मी तो सुचवणार नाही: ते पर्लमध्ये लिहिलेले आहे, म्हणजे पर्ल ज्या ग्रंथालयांवर चालते तीच ग्रंथालये दुव्यांमागे ठेवण्याची वेळ येते, आणि जीलिबसी बदलताना हा गुंता जीवघेणा ठरतो.

उतरवणीवर पाळत ठेवणारी साधने, उदाहरणार्थ पोर्ग किंवा चेकइन्स्टॉल, ‘मेक इन्स्टॉल’ चालू असताना कोणत्या फाईली लिहिल्या जातात ते टिपून घेतात. यांचे आकर्षण असे, की पद्धत बदलावी लागत नाही. परंतु एलडी प्रीलोडवर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्यात आपले ग्रंथालय आधी घुसवण्याच्या सोयीवर, आधारलेली पाळत स्थिर जोडणीच्या प्रोग्रॅमना पाहू शकत नाही, आणि नोंद होते ती फाईल लिहिली गेल्यानंतर, म्हणजे वाद आधी अडवला जात नाही. वेळेच्या शिक्क्यावरून नव्या फाईली शोधण्याची घरगुती युक्तीही अशीच अपुरी आहे, कारण काही पॅकेजे फाईलींचा जुना शिक्का कायम ठेवून त्या उतरवतात.

प्रत्येक पॅकेजासाठी स्वतंत्र वापरकर्ता तयार करण्याची पद्धत मला वैचारिकदृष्ट्या फार आवडते. फाईलीचा मालक हाच तिचा पॅकेज, म्हणजे उतारा जमिनीवरच कोरलेला; शिवाय उतरवणी मूळ वापरकर्त्याच्या (रूटच्या) अधिकाराने होत नसल्याने परक्याची फाईल पुसणे पॅकेजाला शक्यच होत नाही. ती सांभाळायला मात्र शिस्त लागते. सामाईक डिरेक्टरींचे अधिकार, उतरवणीच्या आज्ञांभोवती घालायची आवरणे आणि मूळ वापरकर्त्याच्याच मालकीच्या असाव्या लागणाऱ्या फाईली यांची काळजी कायम घ्यावी लागते. शिकण्यासाठी एकदा जरूर करून पाहावी.

आता संग्रह-फाईलींच्या साधनांकडे येऊ, कारण खरी निवड यांच्यातच आहे.

स्लॅकवेअर हे १९९३ पासून चालत आलेले वितरण आहे आणि त्याची पॅकेज-साधने आजही शेल स्क्रिप्टच आहेत. पॅकेज म्हणजे साधी टार-फाईल, नोंद म्हणजे प्रत्येक पॅकेजामागे एक साधी मजकूर-फाईल. एका बैठकीत ती सगळी वाचून समजून घेता येतात, हा त्यांचा मोठा गुण. पॅकेजातले दुवे थेट न साठवता उतरवणीच्या स्क्रिप्टमध्ये आज्ञा म्हणून लिहिले जातात, ही त्यांची खास रीत आधी समजून घ्यावी, नाहीतर दुवे गेले कुठे असा गोंधळ होतो. फाईलीच्या मालकीचा वाद मात्र ही साधने अडवत नाहीत, आणि वर सांगितलेल्या कसोटीवर ती माझ्यासाठी इथेच उणी पडतात.

क्रक्स या वितरणासाठी पेर लिडेन यांनी लिहिलेली पीकेजीयूटिल्स ही साधने मी नवख्या माणसाला सर्वांत आधी दाखवतो. बांधणारी एक आज्ञा, उतरवणारी एक, काढणारी एक आणि माहिती सांगणारी एक, असा आटोपशीर संसार आहे. पॅकेजाची कृती पीकेजीफाईल नावाच्या लहान शेल-फाईलीत लिहायची असते. नाव, आवृत्ती, स्रोताचा पत्ता आणि बांधणीच्या आज्ञा, एवढेच त्यात असते. सर्व नोंदी /व्हार/लिब/पीकेजी/डीबी या एकाच मजकूर-फाईलीत राहतात. तिची प्रत काढून ठेवणे म्हणजे संपूर्ण उताऱ्यांची प्रत काढून ठेवणे. उतरवणारे साधन फाईलीचा वाद दिसताच थांबते. त्याला सी++ कंपायलर आणि लिबआर्काइव्ह हे संग्रह-फाईली हाताळणारे ग्रंथालय याखेरीज फारसे काही लागत नाही आणि ते स्थिर जोडणीने बांधता येते, म्हणजे जीलिबसी बिघडली तरी ते चालते. एका पॅकेजाला दुसरे कोणते पॅकेज लागते याची काळजी मात्र ही मूळ साधने घेत नाहीत. एलएफएसच्या क्रमाने बांधणाऱ्याला ती उणीव सहसा जाणवत नाही, कारण क्रम त्याला आधीच ठाऊक असतो. ग्राफिकल वातावरण बांधायला घेतले आणि पॅकेजे दोनशेच्या पुढे गेली, की जाणवू लागते.

तिथून पुढे पॅकमॅन. जड व्हिनेट यांनी २००२ मध्ये आर्च लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर क्रक्सचाच आदर्श होता, त्यामुळे एकावरून दुसऱ्याकडे जाणे अवघड नाही. पीकेजीबिल्ड ही कृती-फाईल पीकेजीफाईलीची मोठी बहीण आहे. प्रत्येक पॅकेजाची नोंद /व्हार/लिब/पॅकमॅन/लोकलमध्ये वेगळ्या डिरेक्टरीत, वाचता येईल अशा मजकुरात असते. डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजाला दुसरे लागणे, तपासली जाते, उतरवणीनंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञांची सोय आहे, आणि उतरवलेल्या फाईली मूळ नोंदीशी पडताळून कोणती बदलली वा हरवली हेही सांगितले जाते. विद्यार्थ्याचा तो प्रश्न पॅकमॅनला मोठा क्यू आणि छोटा ओ हे पर्याय देऊन जसाच्या तसा विचारता येतो. बदल्यात त्याला अधिक सामग्री लागते: लिबआर्काइव्ह हवेच, बांधणीसाठी मेसन आणि निंजा हवेत, पॅकेज बनवताना मूळ वापरकर्त्याचा आभास देणारे फेकरूट हवे; पॅकेज बनवणारी मेकपीकेजी ही आज्ञा मूळ वापरकर्त्याने चालवलीच जात नाही, आणि ही अट चांगलीच आहे. जाळ्यावरून उतरवण्यासाठीचे कर्ल आणि सह्या तपासण्यासाठीचे जीपीजीएमई हे वगळूनही पॅकमॅन बांधता येतो. पॅकेजे केवळ आपल्याच यंत्रांवर फिरणार असतील तर सुरुवातीला तसे करायला हरकत नाही.

डेबियनचे डीपीकेजी आणि रेड हॅटचे आरपीएम ही दोन्ही साधने अतिशय कसलेली आहेत आणि वीज मध्येच गेली तर अर्धवट पॅकेजाची अवस्था नोंदवून ठेवण्यात डीपीकेजी विशेष भरवशाचे आहे. तरीही एकट्या माणसाला मी ती सुचवत नाही. त्यांच्या कृती-फाईलींचे नियम शेकडो लोकांनी मिळून वितरण चालवावे या गरजेतून तयार झालेले आहेत. एकट्याने ते पाळायचे म्हणजे प्रणालीपेक्षा कागदपत्रांतच जास्त वेळ जातो. जो पुढे या वितरणांत काम करू इच्छितो, त्याने अभ्यास म्हणून ती जरूर वापरावीत. एका मोहापासून मात्र सावध राहावे: साधन डेबियनचे आहे म्हणून डेबियनची तयार पॅकेजे आपल्या प्रणालीत उतरवू नयेत, कारण ती वेगळ्या ग्रंथालयांच्या हिशेबाने बांधलेली असतात.

निक्स ही एल्को डोल्स्ट्रा यांच्या संशोधनातून २००३ पासून आकाराला आलेली पद्धत पूर्णपणे वेगळी आहे. प्रत्येक पॅकेज स्वतंत्र पत्त्यावर राहते, जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीशेजारी नांदते. ती स्वीकारायची तर आपण बांधलेल्या प्रणालीची रचनाच बदलते, म्हणून तो विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे. नेटबीएसडी या कार्यप्रणालीचे पीकेजीएसआरसी हे पॅकेज-साधन मात्र लक्षात ठेवावे: पाया आपण हाताने बांधलेला आणि वरचे प्रोग्रॅम /यूएसआर/पीकेजीमध्ये त्याच्याकडून, अशी वाटणी त्याच्यासह सुखाने करता येते.

ग्रंथालय बदलण्याचा दिवस

कोणत्याही साधनाची परीक्षा ग्रंथालय अद्ययावत करताना होते. प्रत्येक सामाईक ग्रंथालयाच्या आत सोनेम नावाची ओळख लिहिलेली असते आणि प्रोग्रॅम त्या ओळखीने ग्रंथालय शोधतात. नव्या आवृत्तीत सोनेम तेच असेल तर अवलंबून असलेले प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागत नाहीत. सोनेम बदलले तर बांधावे लागतात, आणि ते सगळे बांधून होईपर्यंत जुने ग्रंथालय काढायचे नसते. ओपनएसएसएल १.१ वरून २०२१ मध्ये ३.० वर गेले तेव्हा असेच झाले. पॅकेज मॅनेजरने नवी आवृत्ती उतरवताना जुनी नेकीने पुसली, की त्याच क्षणी कर्ल, पायथनचा एसएसएल भाग आणि एसएसएच सगळे बंद. पुढचे स्रोत जाळ्यावरून आणायलाही साधन उरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. नवे पॅकेज बाजूला बांधल्यावर रीडएल्फ या फाईलीच्या आतली माहिती दाखवणाऱ्या आज्ञेने त्याचे सोनेम पाहावे आणि आधीच्याशी ताडावे. बदललेले असेल तर जुन्या ग्रंथालयाची फाईल एका वेगळ्या, ‘जुने ओपनएसएसएल’ अशा नावाच्या लहान पॅकेजात भरून ठेवावी, म्हणजे तिलाही मालक मिळतो. नंतर नवे उतरवावे, अवलंबून असलेली पॅकेजे एकेक करून पुन्हा बांधावीत आणि शेवटी ते लहान पॅकेज काढावे. कोणती पॅकेजे अवलंबून आहेत हे शोधण्यासाठी नोंदवहीतील प्रत्येक प्रोग्रॅमवर रीडएल्फ चालवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते. साधन निवडताना नोंदवही स्क्रिप्टला सहज वाचता येते का, हे पाहण्यामागे हेही कारण आहे.

जीलिबसी बदलताना मात्र कोणतेही साधन असले तरी हाताशी बिझीबॉक्स, चालू पेनड्राइव्ह आणि भरलेली बॅटरी असल्याशिवाय सुरुवात करू नये.

स्वतःच्या बदलांचे रक्षण

/ईटीसीमधल्या सेटिंगच्या फाईली आपण हाताने बदललेल्या असतात आणि नवी आवृत्ती उतरवताना त्या पुसल्या जाणे अक्षम्य आहे. पॅकमॅन मूळ, चालू आणि नवी अशा तिन्ही प्रतींची ओळख ताडून पाहतो आणि आपण बदललेली फाईल न पुसता नवी प्रत ‘पॅकन्यू’ या शेपटासह शेजारी ठेवतो. त्यासाठी पीकेजीबिल्डमध्ये त्या फाईलींची नावे आपण दिलेली असली पाहिजेत. पीकेजीयूटिल्समध्ये नियमांच्या फाईलीत एक ओळ लिहिली की /ईटीसीतली विद्यमान फाईल तशीच राहते आणि नवी प्रत वेगळ्या डिरेक्टरीत जाते. दोन्हींत उतरवणीनंतर त्या प्रती पाहण्याचे काम आपलेच आहे.

कधी सुरू करावे, आणि उशीर झाला असेल तर

योग्य वेळ म्हणजे तात्पुरती साधने बांधून होऊन, चरूटमध्ये (नव्या प्रणालीलाच मूळ मानणाऱ्या बंदिस्त वातावरणात) शिरून, अंतिम प्रणालीचे पहिले पॅकेज बांधण्यापूर्वीची. त्या टप्प्यावर पीकेजीयूटिल्स बांधणे सोपे जाते, म्हणून अनेकदा मी पाया त्यांच्यासह उभारण्याचा सल्ला देतो. ज्याला पॅकमॅनच हवा आहे त्याने पाया पूर्ण झाल्यावर तो बांधावा आणि मग तीच पॅकेजे पुन्हा एकदा पॅकमॅनने बांधून घ्यावीत. दुप्पट काम वाटते, पण दुसऱ्या वेळी कृती हाताशी तयार असतात.

अमळनेरच्या विद्यार्थ्याप्रमाणे प्रणाली आधीच बिनानोंदीची बांधून झाली असेल, तर ती पुसू नका. मॅनेजर बांधा, आणि एकेक पॅकेज त्याच आवृत्तीचे बाजूला बांधून, पॅकमॅनला ‘ओव्हरराइट’ किंवा पीकेजीयूटिल्सच्या पीकेजीअ‍ॅडला सक्तीचा पर्याय देऊन उतरवत चला. फाईली त्याच राहतात, फक्त त्यांना मालक मिळत जातो. हा पर्याय या स्थित्यंतरापुरताच वापरावा. नंतरही त्याची सवय राहिली तर वाद अडवण्याचा सगळा उपयोग संपतो. अधूनमधून फाइंड या आज्ञेने डिस्कवरील सर्व फाईलींची यादी काढावी, नोंदवहीतली यादी तिच्याशी ताडावी, आणि उरलेल्या बेवारस फाईली पाहाव्यात. त्या विद्यार्थ्याने दिवाळीपर्यंत हे काम पुरे केले. ज्या फाईलीवर त्याने बोट ठेवले होते, ती एका अर्धवट सोडलेल्या बांधणीतून राहून गेलेली निघाली आणि ती काढल्यावर काहीही बिघडले नाही.

निर्णय पक्का करण्यापूर्वी एका आभासी यंत्रावर निवडलेल्या साधनाची एक संध्याकाळभर चाचणी घ्यावी. एक लहान पॅकेज उतरवा आणि काढा. काढल्यावर मागे काही राहिले का ते पाहा. दोन पॅकेजांत मुद्दाम एकाच नावाची फाईल ठेवून साधन थांबते का ते बघा. /ईटीसीतली फाईल बदलून पॅकेजाची नवी आवृत्ती उतरवा. मोठे पॅकेज उतरत असताना आभासी यंत्र एकदम बंद करा, पुन्हा सुरू करा आणि सावरायला काय करावे लागते ते लिहून ठेवा. पॅकमॅनच्या बाबतीत मागे राहिलेली कुलपाची फाईल काढून तेच पॅकेज पुन्हा उतरवावे लागेल. शेवटी नोंदवहीची फाईल साध्या संपादकात उघडा आणि साधनाच्या मदतीशिवाय तुम्हाला एखाद्या फाईलीचा मालक सापडतो का ते तपासा. या पाचही गोष्टी जमल्या की ते साधन तुमच्या यंत्रावर लावा, आणि पहिल्या दिवसापासून नोंदवहीची व कृती-फाईलींची प्रत दर आठवड्याला यंत्राबाहेरच्या पेनड्राइव्हवर ठेवायला सुरुवात करा.